मूठभर नमुना

“काका, हात कोरडा करा आधी. पडला तर माझी चामडी लोळवतील.”

सटवाजींनी उपरण्याला हात पुसले आणि जेवायला आलेल्या शलाकाने पुढे केलेला फोन घेतला. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण लिहिताना घ्यावं लागतं. बोलताना मी त्यांना कधी सटवाजी म्हटलेलं नाही.

दुपारची वेळ होती. समोर रस्त्यापलीकडे काचेच्या इमारतीतली कंपनी, अलीकडे माझी भाकरीची टपरी. चार बांबू, निळी ताडपत्री, दोन बाकडी, टेबलावर लिंबांच्या नक्षीचं मेणकापड. सटवाजी गल्ल्यापाशी बसून कांदे चिरत. मी चुलीपुढे.

“हा कसला ठोकळा म्हणायचा?” त्यांनी फोन उलटसुलट केला. जाड काळ्या रबरात गुंडाळलेला होता तो. साबणाच्या वडीसारखा दिसत होता.

“वरून ठोकळा आहे. आत वेगळाच आहे, काका. आमच्या कंपनीचा नवा फोन. आणखी बाजारात यायचाय. हा नमुना आहे.”

“नमुना!” सटवाजींचा चेहराच उजळला. “मग असं सांग की. भाव फुटला का?”

शलाका हसली. “आणखी कुणाला दाखवलाच नाही तर भाव कशाला फुटंल?”

“अन् दाखवल्याबिगर कसा फुटंल?”

“आमच्यात उलटं असतंय, काका.”

“उलटं म्हणं! जोंधळ्याच्या पोरीनं सटवाला नमुना शिकवावा का?”

ती सेलूची, आम्ही शेजारच्याच मानवतकडचे. तिचं आडनाव जोंधळे. पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा आडनाव ऐकून सटवाजी म्हणाले होते, “मी तुझ्या आडनावाची पोती तीस वर्षं उचलली, बाई.” तेव्हापासून ती रोज यायची. पुण्यात आमच्याशी तेवढी ती घरच्यासारखं बोले, ‘काय करायलात काका’, ‘मावशी, ठेचा वाढा की’. सेलूला तिचे वडील शिंपी होते. डोळे गेल्यापासून मशीन बंद. धाकटी बहीण शिकत होती. घर शलाकाच्या पगारावर चालायचं, हे तिने कधी रडून सांगितलं नाही. जेवता जेवता सांगितलं. तिचं कामच असं होतं, की तो नवा फोन बाहेर गर्दीत, उन्हात घेऊन फिरायचं आणि नीट चालतो का ते बघायचं. माझ्या भाकरीचे आणि ठेच्याचे फोटो तिने किती काढले असतील!

सटवाजी मार्केट यार्डात, भुसार बाजारात हमाल होते. पाठ गेली तेव्हा पोती सुटली, पण त्यांचा मान होता तो वेगळ्याच कामाचा. ज्वारीचा लिलाव असला की आडत्या हाक मारायचा, “सटवा, नमुना काढ.” मग हे पोत्याच्या पोटात परखी खुपसायचे. परखी म्हणजे लोखंडाची पोकळ, टोकदार सळई. तिच्यातून दाणे हातावर घ्यायचे, मूठ मिटायची, आणि व्यापाऱ्यांच्या मधोमध जाऊन ती मूठ उघडायची. त्या तळहातावर भाव ठरायचा, त्यालाच भाव फुटला म्हणायचं. ज्याला पाहिजे त्याने बघावं, चावून बघावं, वास घ्यावा. नमुन्याचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही. आणि जो नमुना दाखवायला कां-कूं करतो, त्याचा माल खोटा असं बाजार धरतो. यांचं आयुष्य त्यात गेलं होतं.

मी हे आधीच सांगते, कारण पुढे कुणी ऐकून घेतलं नाही.

एके दिवशी शलाकाने भाकरीच्या ताटाचा फोटो काढला, तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. साहेबाचा असावा. “आलेच सर, आलेच,” म्हणत ती अर्धी भाकरी टाकून पळाली. सटवाजी ताट उचलायला गेले तर ताटाच्या कडेखाली तो काळा ठोकळा.

“अगं, पोरगी नमुना इसरली.”

“पिठाच्या डब्यात ठेवा,” मी म्हणाले. “आली की देऊ.”

ते डब्याकडे निघालेही होते. पलीकडच्या बाकड्यावर एक दाढीवाला जेवत होता. आमचं अधूनमधूनचं गिऱ्हाईक. कंपन्यांच्या फाटकांपुढे उभा राहून काठीला लावलेल्या कॅमेऱ्यात मोबाइलच्या बातम्या सांगायचा. त्याचं कसलंसं चॅनेल होतं. त्याने घास हातातच ठेवला.

“काका, कुणाचाय तो?”

“समोरच्या कंपनीचा. नमुना हाय.”

“नमुना म्हणजे?”

“आता नमुना म्हणजे काय सांगावं? आणखी बाजारात आला नाही. यायचाय.”

त्याने हात धुतले. चांगले घासून धुतले. “बघू का?”

“अहो, तिला येऊ द्या,” मी चुलीवरून म्हणाले.

“बघणाऱ्याला नाही म्हणावं का, अगं? तिचंच भलं हाय त्यात.” सटवाजींनी फोन त्याच्यापुढे धरला, अगदी तळहात सपाट करून. “घ्या. हातात घेऊन बघा.”

“कव्हर काढलं तर चालेल?”

“काढा की! पोत्याचं तोंड उघडल्याबिगर माल दिसतो का?”

रबर निघालं आणि आतून पातळ, चंदेरी, पाण्यासारखी वस्तू निघाली. मीसुद्धा भाकरी थापायची थांबले. दाढीवाल्याने ती मेणकापडावर ठेवून पुढून, मागून, कडेने फोटो काढले. बटण दाबून चालू केली आणि आतलंही काय काय टिपून घेतलं. मोजमाप कळावं म्हणून शेजारी माझी एक भाकरी ठेवली. सटवाजी बाजूला उभे राहून लिलाव चालल्यासारखे बघत होते. “कसा वाटतो माल?” असं दोनदा विचारलं त्यांनी.

“एक नंबर, काका.” त्याने खिशातून नोटा काढल्या.

सटवाजींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “नमुन्याचे पैसे घेतेत व्हय? पसंत पडला तर बाजारात आल्यावर माल घ्या. चार लोकांना सांगा.”

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग वाकला आणि चक्क त्यांच्या पाया पडला. “चार नाही काका, सगळ्यांना सांगतो,” म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळाने शलाका धावत आली. वहाण तुटली होती, एक हातात होती. सटवाजींनी फोन दिला तेव्हा ती आधी नुसती रडली आणि रडता रडता हसली. “काका, देव आहात तुम्ही. कुणी बघितला नाही ना?”

“न बघायला काय झालं? एक गिऱ्हाईक येऊन बघून गेला. खूश झाला लेकाचा.”

शलाका बाकड्यावर बसली.

“कव्हर... काढलं होतं?”

“त्याबिगर दिसतंय व्हय?”

ती रबर परत चढवायला लागली. ते बसेना. शेवटी मीच चढवून दिलं, माझ्या पिठाच्या बोटांनी. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. “कुणाला सांगू नका,” एवढंच म्हणाली, आणि अनवाणी रस्ता ओलांडून गेली.

“काय झालं ग हिला?” सटवाजी म्हणाले.

“मला काय ठाऊक. काहीतरी इस्कटलं एवढं खरं.”

दुसऱ्या दिवशी जेवायला आलेली पोरं मोबाइल नाचवत होती. “मावशी, तुमची भाकरी जगभर गेली! हे बघा, लिंबाचं मेणकापड!” खरंच, आमचं टेबल होतं. कोपऱ्यात सटवाजींचा तळहातही आला होता, कांद्याने काळा पडलेला. ते बघून हे खुळ्यासारखे खूश. “बघ, म्हणलं नव्हतं? आता भाव फुटतोय.” म्हणून त्यांनी शलाकासाठी एक ताट झाकून ठेवलं. ती आली नाही. पोलिसांची गाडी आली. तिच्यातून कंपनीचा एक सूटवाला उतरला. तो आमच्याकडे बघेचना. त्याने मेणकापडाचं टोक दोन बोटांत धरलं, मोबाइलवर बघितलं, आणि मान हलवली.

ठाण्यात आम्हाला भिंतीशी उभं केलं. फौजदार खुर्चीत, सूटवाला शेजारी, लिहायला एक हवालदार. आणि दुसऱ्या भिंतीशी शलाका. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता ही सांगेल आणि आपण घरी जाऊ.

“बाई, तुमची तक्रार पुन्हा सांगा,” फौजदार म्हणाले.

“मी जेवत होते. हात धुवायला गेले तेव्हा माझ्या पर्समधून फोन काढून घेण्यात आला. नंतर मी परत गेले तेव्हा तो यांच्याकडे मिळाला.”

ती पुण्याची मराठी बोलत होती. ‘घेण्यात आला’. आमच्याशी ती असं कधी बोलली नव्हती. तिचा आवाज ऐकून मला आधी कळलंच नाही की ती बोलते आहे.

“अगं, ताटाखाली—” मी पुढे झाले.

“तुम्ही गप्प. म्हाताऱ्या, तू सांग. साधा फोन नव्हता हा. विक्रीला आलेला नव्हता. कंपनीचा नमुना होता. हे तुला ठाऊक होतं का?”

सूटवाला एकदम पुढे सरकून बसला.

“व्हय,” सटवाजी म्हणाले. “ठाऊक होतं की.”

“नीट ऐकलंस ना? नमुना आहे हे माहीत असून तू तो दुसऱ्याला दाखवलास?”

“नमुना दाखवायलाच असतो, साहेब.”

हवालदार हसला आणि हसत हसत लिहून घेतलं. मी म्हणाले, “साहेब, हे बाजारात हमाल होते, तिथं नमुना म्हणजे—” पण फौजदारांनी टेबलावर थाप मारली.

“किती घेतले त्याच्याकडून?”

“काही नाही. देत होता. नमुन्याचे घेत नसतेत.”

“फुकट दाखवला! बघा, देवमाणूस सापडला.” फौजदार सूटवाल्याकडे बघून म्हणाले, मग शलाकाकडे वळले. “बाई, हा नमुना आहे हे तुम्ही याला सांगितलं होतं का? विचार करून सांगा. तुमच्या कंपनीचा नियम तुम्हाला माहीत आहे.”

खोलीत पंखा फिरत होता. शलाकाने एकदा आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. ह्यांच्या हातांकडे.

“नाही,” ती म्हणाली. “मी काहीच सांगितलं नव्हतं.”

“मग याला कसं कळलं?” सूटवाला पहिल्यांदाच बोलला. “रबरात गुंडाळलेला फोन. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. भाकरी विकणाऱ्याला कसं कळलं? याच्यामागे कुणीतरी आहे. दुसरी कंपनी आहे.”

“बोल,” फौजदार म्हणाले. “कुणी सांगितलं तुला नमुना म्हणून?”

मी सटवाजींकडे बघितलं. एक नाव घ्यायचं होतं. ते नाव समोरच्या भिंतीशी उभं होतं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, आत्ता घेतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी खाली बघितलं.

“बाजारात ऐकलं,” ते म्हणाले.

“कुठल्या बाजारात?”

“बाजारात ऐकलं, साहेब.”

“हिनं सांगितलं!” मी ओरडले. “हिनंच! माझ्या चुलीपुढं बसून, भाकरी मोडता मोडता सांगितलं! शलाके, बोल की ग! जेवलीस ना माझ्या हातचं?”

“प्रयागे,” सटवाजी म्हणाले, “गप.”

“बायको नवऱ्याला वाचवायला बोलणारच,” फौजदार म्हणाले. “काढा हिला बाहेर.”

माझा आणि त्यांचा अंगठा घेतला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पुढे म्हातारपणी शिकले, तेव्हा तो कागदही एकदा वाचला. अक्षर येत असतं तरी तेव्हा उपयोग नव्हता. ते जे बोलले होते तेच लिहिलं होतं.

त्यांना आत ठेवलं. यामागे कुणाचं नाव आहे ते काढायचं होतं, आणि नाव काढायची ठाण्याची जी रीत असते त्या रीतीने काढायला लागले. मला भेटू दिलं तेव्हा ते गजांच्या पलीकडे बसले होते. उजवा हात मांडीवर होता, उलथा टाकल्यासारखा. बोटं भाजल्या वांग्यासारखी झाली होती.

“नाव सांगा,” मी म्हणाले. “एकदा सांगा. मी पाया पडते तुमच्या.”

“सांगून काय व्हईल?”

“सुटाल.”

“अन् ती?”

“ती मरंना का! तिनं तुम्हाला चोर केलं!”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “माझं पोतं आता जुनं झालं. कुठूनबी गळतंय. तिचं आत्ता कुठं शिवून झालंय. नव्या पोत्याला परखी लागली की ते भोक बुजत नाही, प्रयागे. जिथं जाईल तिथं सांडत जातं.”

“ती तुमची कोण लागती?”

“कुणी नाही,” ते म्हणाले. “पाणी दे.”

पाण्याचा पेला मी गजांतून धरला. त्यांना धरता येईना.

त्या दिवसांत मी कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायचे. रखवालदार हाकलायचे. ओळखीचेच होते, माझ्याकडे जेवणारे. “मावशी, आमची नोकरी घालवाल,” म्हणायचे. एकदा शलाका एका गाडीत बसून फाटकातून बाहेर पडली. काच बंद होती. गाडी वळताना थांबली आणि आम्ही दोघी अगदी समोरासमोर आलो. तिने काचेवर हात ठेवला, आतून. मी तो हात बघत राहिले. काच काही खाली आली नाही. टपरीही तोवर उचलली गेली होती.

तो फोन बाजारात आला. चौकाचौकात त्याचे फलक लागले, दुकानांपुढे रांगा लागल्या. दाढीवाल्याच्या फोटोंनी आधीच एवढा बोभाटा केला होता की लोक वाटच बघत होते. कंपनीचा फायदाच झाला म्हणे. मग सूटवाल्याला आमच्यात काही रस राहिला नाही. फौजदारांनीच मला सांगितलं, “जा घेऊन. त्यांनी मागं घेतलं. नशीब समजा.” शलाकाला कंपनीने परदेशी पाठवलं, असं पूर्वी माझ्याकडे जेवणाऱ्या पोरांकडून कळलं. तिच्याकडून कधी काही आलं नाही. मी वाट बघत होते का? बघत होते. शिव्या द्यायला का होईना, कुणीतरी पाहिजे असतं.

सटवाजी घरी आले. खोलीत बसून असायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने बोटं वाकवून, सरळ करून बघितली. “हाडं जुळलीत, आजोबा. हात वापरा. मूठ मिटायची, उघडायची.” ते मिटायचे. उघडताना थांबायचे.

चूल पेटायला पाहिजे होती, म्हणून मी त्यांच्या जुन्या आडत्याकडे गेले. मगनशेठ. मन मोठं होतं त्याचं. “घेऊन ये त्याला. पोती नको उचलू दे, नुसता नमुना काढील. त्याच्यासारखा नमुना अजून कुणी काढत नाही.”

मी घेऊन गेले. नव्या ज्वारीची आवक होती, ओळीने पोती लागली होती. व्यापारी गोल करून उभे. जुन्या हमालांनी पाठीवर थापा मारल्या. “सटवाभाऊ, कुठं होतात? सासुरवाडीला?” ते थोडे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. कुणीतरी परखी हातात दिली. ती हातात येताच त्यांची पाठ जरा ताठ झाली, मी बघितलं. वाटलं, झालं, निभलं.

“सटवा, नमुना काढ!” मगनशेठनी हाक दिली.

त्यांनी परखी पोत्यात खुपसली. जशी खुपसायची तशीच, तिरकी, एका झटक्यात. दाणे डाव्या हाताने उजव्या तळहातावर घेतले, मूठ मिटली आणि व्यापाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

मूठ मिटलेलीच.

“दाखव की,” एक व्यापारी म्हणाला.

सटवाजींनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, एकेकाच्या. मग विचारलं, “कुणाचा हाय?”

“काय कुणाचा?”

“माल. ज्याचा हाय त्याला इचारलं का? दाखवू का म्हणून?”

एकच हशा उसळला. हमाल हसले, व्यापारी हसले, ज्याची ज्वारी होती तो मुंडासेवालासुद्धा पोत्यावर बसून हसला. “शेठ, ज्वारीचा नमुना राहू द्या! हाच नमुना लिलावाला काढा!” कुणीतरी ओरडलं. “आहे का असला नमुना दुसरीकडं? बोला, किती?”

सटवाजी त्यांच्यातच उभे होते. हसणं ओसरेपर्यंत उभे राहिले. मग पोत्यापाशी परत आले, पोत्याचं तोंड डाव्या हाताने सैल केलं, उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, आणि मूठ तिथं आत, कुणाला दिसणार नाही अशी उघडली.